खुराक दिला की मेंढी चरायची का थांबते?

दुपारचे चार. कुंपणाच्या आत मारवेल गवत आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं पेरलेलं कुरण, श्रावणातल्या पावसाने गुडघ्याला लागलेलं. आणि मेंढरं कुठे, तर फाटकापाशी. सगळ्यांची तोंडं गोठ्याकडे, दोन-चार तर रीतसर हाका मारताहेत. साडेपाचला गव्हाणीत मक्याचा भरडा आणि पेंड, म्हणजे खुराक, पडतो, हे त्यांना पाठ झालेलं आहे. मालक वैतागून म्हणतो, "माजलीत." अर्धबंदिस्त, म्हणजे थोडी चराई आणि थोडा गोठा असं, मेंढीपालन नव्याने सुरू केलेल्या माणसांकडे हा शब्द हमखास ऐकायला मिळतो.

मेंढरं माजलेली नसतात. पोट भरायला किती कष्ट पडतात याचा हिशेब त्यांच्या अंगात असतो, आणि आपण खुराक देऊन त्या हिशेबातला एक मोठा आकडा बदललेला असतो. आपली समजूत साधी बेरजेची: गवत अधिक खुराक, म्हणजे जास्त पोषण. मेंढीच्या पोटात मात्र ही बेरीज क्वचितच सरळ होते. कधी खुराकाची गवतात भर पडते, कधी गवताच्या जागी त्याची बदली होते, आणि कधी तर खुराकामुळे गवत आधीपेक्षा जास्त खाल्लं जातं. तिन्ही गोष्टी एकाच मेंढीत, एकाच वर्षात घडू शकतात.

आधी चरणं म्हणजे काय ते पाहू. दिवसभरात मेंढीच्या पोटात किती गवत गेलं हे तीन गोष्टींवर ठरतं. ती किती वेळ चरली, मिनिटाला किती घास तोडले, आणि एका घासात किती गवत आलं. तिघांचा गुणाकार केला की उत्तर. ऑस्ट्रेलियात ॲल्डन आणि व्हिटेकर या दोघा संशोधकांनी १९७० साली मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून हे तीन घटक एकमेकांना कसे सांभाळून घेतात ते दाखवलं, आणि चरणाऱ्या जनावरांचा अभ्यास करणारे आजही त्याच वाटेने जातात.

आकडे घालून बघितलं की गंमत कळते. ३० किलोची दख्खनी मेंढी घ्या. तिला रोज साधारण १ किलो कोरडा चारा लागतो. कोरडा म्हणजे गवतातलं पाणी वजा करून, हिरव्या वजनात तो चार-पाच किलोंच्या घरात जातो. एका घासात ४० मिलिग्रॅम कोरडं गवत येतं असं धरू. म्हणजे दिवसाचे २५,००० घास. मिनिटाला ४५ घास या वेगाने नऊ तासांहून थोडा जास्त वेळ. नऊ तास मान खाली!

आता गवत आखूड झालं, घासात ४० ऐवजी २५ मिलिग्रॅमच येऊ लागलं, तर तेच पोट भरायला ४०,००० घास. मेंढी वेग वाढवते, मिनिटाला ६० पर्यंत नेते, तरी अकरा तास लागतात. यापुढे ती फारशी जाऊ शकत नाही. कारण जे खाल्लं त्याचं रवंथ करायलाच रोज सहा-आठ तास हवेत, आणि बसणं, पाणी, उन्हात सावलीला उभं राहणं हे वेगळंच. चोवीस तास कुणाला ताणता येत नाहीत. म्हणून घासात किती गवत येतं ही तिघांतली सगळ्यात नाजूक गोष्ट. वेळ आणि वेग वाढवून मेंढी घासाची उणीव भरून काढायला बघते, पण एका मर्यादेनंतर हरते.

या नऊ तासांच्या मजुरीत तुम्ही २५० ग्रॅम भरडा-पेंड आणून ठेवता. पाच मिनिटांत फस्त. एवढंच पोषण गवतातून मिळवायला तिला दोन-तीन तास मान खाली घालावी लागली असती. मग ती फाटकाशी का उभी राहणार नाही?

बदली किती होते, याचं माप संशोधक एका साध्या प्रश्नाने काढतात. १ किलो खुराक दिल्यावर गवत किती किलोने कमी खाल्लं गेलं? काहीच कमी झालं नाही तर निव्वळ भर. पूर्ण किलोने कमी झालं तर निव्वळ बदली. बहुतेक वेळा उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. आपल्या उदाहरणात किलोमागे ६०० ग्रॅमची बदली धरली, तर २५० ग्रॅम खुराकामागे गवत १५० ग्रॅमने घटेल. ते ३,७५० घास झाले, म्हणजे चरण्याची जवळपास ८० मिनिटं. पोटात एकूण जाणारा माल १,००० वरून १,१०० ग्रॅम झाला. दिला पाव किलो, वाढला शंभर ग्रॅम. पेंडेचं पोतं ज्या भावाला पडतं ते आठवून हा आकडा पुन्हा वाचा.

गंमत अशी की कुरण जितकं चांगलं, तितकी बदली जास्त. जमीन नांगरून, बी पेरून, खत घालून ज्याने उत्तम कुरण उभं केलं, त्याचाच खुराक सर्वात जास्त वाया जाण्याचा संभव. हिरव्या, पाल्याने भरलेल्या कुरणात मेंढीची गरज गवतानेच बऱ्यापैकी भागलेली असते. वरून आलेला खुराक गवताची जागा घेतो. उलट गवत आखूड किंवा निकस असेल तर बदली कमी, कारण तिथे मेंढी मुळात उपाशीच असते.

पोटातली दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, पण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गवत मेंढी पचवत नाही. तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू पचवतात. आपण त्या जिवाणूंना पोसतो आणि ते मेंढीला पोसतात. गवताचा तंतू फोडणारे जिवाणू हळू काम करणारे आणि नाजूक असतात. पोटातलं पाणी आंबट झालं, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६ च्या खाली घसरला, की ते काम सोडतात. मका, ज्वारी, गहू यांतल्या पिठावर वाढणारे जिवाणू मात्र झपाट्याने वाढतात आणि भराभर आम्ल सोडतात. ज्वारीचं पीठ रात्रभर भिजवून ठेवलं की सकाळी आंबतं, तसंच.

मेंढीकडे यावर स्वतःचा उतारा असतो तो लाळेचा. लाळेत खाण्याच्या सोड्याचाच क्षार असतो आणि रवंथ करताना ती भरपूर सुटते. पण भरडा चावावा लागत नाही, त्याचं रवंथही फारसं होत नाही. म्हणजे आम्ल वाढवणारा माल आला आणि सोडा सोडणारं काम कमी झालं. तंतू फोडणं मंदावतं, गवत पोटात तसंच पडून राहतं, पोट भरलेलं वाटतं, आणि मेंढी मान वर करून उभी राहते. खाण्याची इच्छा मेली ती डोक्यात नाही, पोटात.

याचं टोकाचं रूप आपल्या मेंढपाळांना कुणी शिकवायची गरज नाही. सुगीनंतर शेतात मेंढरं बसवायला नेली आणि खळ्यावर सांडलेल्या ज्वारीच्या ढिगाला तोंड लागलं, तर दुसऱ्या दिवशी जनावर लटपटतं, हगवण लागते, कधी दगावतंही. म्हणून धान्य द्यायचं तर दोन-तीन आठवडे थोडं थोडं वाढवत न्यायचं, आणि आंत्रविषार या आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची. पिठूळ खाणं आणि एकाएकी मिळालेला कोवळा चारा, दोन्ही त्या रोगाचे दोस्त.

आता उलटी बाजू. मार्च ते मे. माळावरचं गवत वाळून काडी झालेलं. त्यातली प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या जिवाणूंनाच नत्र पुरत नाही. ते उपाशी, म्हणून तंतू फुटत नाही, म्हणून पोट रिकामं होत नाही, म्हणून मेंढी समोर वाळलेलं गवत असूनही खात नाही. इथे तिला मका दिला तर फारसा उपयोग नाही. पण १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड दिली, किंवा तुरीची चुणी, किंवा मूठभर शेवरी-सुबाभळीचा पाला, तर जिवाणू कामाला लागतात आणि मेंढी तेच निकस गवत जास्त खाऊ लागते. खुराकाने चरणं वाढतं ते असं. बाभळीच्या शेंगा आकडीने झोडून मेंढरांपुढे टाकायची आपल्याकडची जुनी रीत नेमकी याच दिवसांतली आहे, आणि मला ती कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा हुशार वाटते.

म्हणजे "मेंढीला रोज किती खुराक द्यावा" या प्रश्नाला एकच आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहावं. श्रावणात कुरणात सोडलेल्या रिकाम्या मेंढीला तो द्यायचं कारणच नसतं. तीच मेंढी गाभण राहून शेवटच्या दीड महिन्यात आली की पोटातलं कोकरू वाढतं, चाऱ्याला जागा कमी उरते, आणि तेव्हा थोडक्यात जास्त पोषण देणारा खुराक खरोखर लागतो. व्याल्यावर पहिले दोन महिने तर हमखास. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळे मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. दोन कोकरं पाजणाऱ्या मेंढीचा हिशेब एका कोकराच्या मेंढीसारखा ठेवला तर दुधाचा तुटवडा कोकरंच दाखवून देतात. अशा मेंढीत बदली कमी आणि भर जास्त होते, कारण तिची गरज गवताच्या पलीकडे गेलेली असते.

आता वेळेकडे येऊ. माझ्या मते खुराकाच्या सगळ्या चर्चेत सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच. मोकळी सोडलेली मेंढी दिवसभर सारखी चरत नाही. तिचे दोन मोठे चराईचे फेरे असतात, एक पहाट फुटताना आणि दुसरा, बहुधा जास्त लांबलेला, सूर्य कलल्यापासून अंधार पडेपर्यंत. संध्याकाळचा फेरा उगाच मोठा नसतो. दिवसभर ऊन खाऊन पानात साखर साठलेली असते, त्यामुळे तेच गवत सकाळपेक्षा संध्याकाळी गोड आणि जास्त कसाचं असतं. ब्रिटनमध्ये राय गवत आणि पांढरा क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याचे पट्टे शेजारी-शेजारी पेरून मेंढ्यांना निवड दिली, तेव्हा त्यांनी साधारण ७० टक्के क्लोव्हर आणि ३० टक्के गवत असं मिश्रण राखलं, आणि त्यातही सकाळी क्लोव्हरकडे ओढा, संध्याकाळी गवताकडे. जेवणात आधी काय आणि मग काय, हे त्यांचंही ठरलेलं!

आता आपली रीत आठवा. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, किंवा गोठ्यात. सकाळी दव उतरल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, आणि ते योग्यच, कारण ओल्या गवतावर जंतांची पिल्लं शेंड्याकडे चढलेली असतात. म्हणजे पहाटेचा फेरा आपण आधीच कापला. नऊला सोडलं, दुपारी दोन-तीन तास झाडाखाली, साडेपाच-सहाला परत. चरायला हाताशी उरले जेमतेम सहा तास, आणि लागतात नऊ. त्यात सकाळी सोडण्याआधी भरडा घातला तर मेंढरं सुस्तावून पहिला तास घालवतात. संध्याकाळी साडेपाचला घातला तर चारपासूनच फाटकाशी उभी राहतात, म्हणजे जो फेरा सर्वात कसाचा, नेमका तोच खुराकाची वाट बघण्यात जातो.

अमेरिकेत मोंटाना राज्यात पेरलेल्या कुरणावर गोऱ्ह्यांना दळलेला मका देऊन हे तपासलं गेलं. निष्कर्ष १९८५ साली छापून आले. एका गटाला सकाळी साडेसातला, दुसऱ्याला दुपारी दीडला. मका तोच, माप तेच. दुपारी खाणाऱ्यांनी गवत जास्त खाल्लं आणि वजनही त्यांचंच जास्त वाढलं, कारण सकाळचा चराईचा फेरा मोडला नव्हता. गोऱ्हे आणि मेंढ्या एक नव्हेत, आणि मोंटानातली शरद ऋतूतली थंडी म्हणजे माणदेश नव्हे. तरीही तत्त्व तेच: ज्या वेळी जनावर एरवीही चरत नसतं, त्या वेळी खुराक द्या. आपल्याकडे ती वेळ म्हणजे भर दुपारची विश्रांती, सावलीत, कुरणातच. ते जमत नसेल तर परत आल्यावर, पण अंधार पडल्यानंतर आणि आल्या-आल्या लगेच नाही. आधी पाणी, थोडा कडबा, मग खुराक. घरी आलं की ताबडतोब भरडा, ही सांगड तुटली की फाटकाशी उभं राहणं काही दिवसांत कमी होतं.

खुराक मिळालेली मेंढी आणखी एक बदल दाखवते, तो कुरणात बारकाईने बघितल्याशिवाय दिसत नाही. ती चिकित्सक होते. मेंढीचं तोंड अरुंद, वरचा ओठ चिरलेला आणि हलता, त्यामुळे दांड्यातून पान वेगळं काढण्यात ती गायीच्या कितीतरी पुढे. पोट अर्धं भरलेलं असलं की ती हे कसब पुरेपूर वापरते. कोवळं पान, स्टायलोचा शेंडा, तेवढंच. बाकीचे दांडे उभे. दोन आठवड्यांनी बघावं तर कुरणात काही जागा पार ओरबाडलेल्या आणि मधे मधे मारवेलाचे जून झुपके. मालकाला वाटतं गवत शिल्लक आहे. शिल्लक आहे ते गवत नव्हे, दांडे.

यावर ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, बरंच काम झालंय. तिथल्या पोर्तो अलेग्रेच्या विद्यापीठातल्या पाउलो कार्वाल्यो आणि सहकाऱ्यांनी कुरणाची फेरपालट गवताकडे बघून नव्हे तर मेंढीच्या घासाकडे बघून ठरवली. गवत कोणत्या उंचीचं असताना मिनिटाला सर्वात जास्त माल तोंडात येतो, ते आधी शोधायचं, त्या उंचीला मेंढ्या आत सोडायच्या. आणि उंची साधारण ४० टक्क्यांनी उतरली की बाहेर काढायच्या, कारण त्यानंतर घास झपाट्याने लहान होत जातो. इटालियन राय गवतासाठी त्यांचे आकडे आत जाताना १८ सेंटिमीटर, बाहेर पडताना ११. आपल्या मारवेल-अंजन गवतांना ते जसेच्या तसे लागू नाहीत, पण "पार बुडख्यापर्यंत चारल्याशिवाय कुरण वसूल होत नाही" या आपल्या समजुतीला ते चांगलाच धक्का देतात. खाली उरलेला दांडा चारायला लावणं म्हणजे मेंढीला उपाशी ठेवणं आणि मग ती भूक पेंडेने भागवणं. पोतं उघडण्याआधी मेंढरं पुढच्या वाफ्यात सोडून बघावी.

बदलीबद्दल मी सगळं वाईटच बोललो, तर एक चांगली बाजूही. बदली म्हणजे गवत वाचणं. तुमच्याकडे २० मेंढ्या आणि १ मेंढा असा कळप आहे, राज्य सरकारच्या महामेष योजनेत असतो तसा, आणि कुरण जेमतेम एकर-दीड एकर. जुलैत गवत नुकतं फुटत असताना थोडा खुराक देऊन त्यावरचा ताण कमी केला, तर ते कुरण पुढे दिवाळीपर्यंत साथ देतं. अशा वेळी खुराक मेंढीला नव्हे, गवताला दिलाय असं समजायचं. मात्र हे ठरवून करावं. वाचलेलं गवत नंतर वापरलंच नाही, जून होऊ दिलं, तर पेंडही गेली आणि गवतही.

गव्हाणीकडे थोडं लक्ष. कळपात दांडग्या मेंढ्या असतात आणि भित्र्याही. जागा अपुरी असली की दांडगी दुप्पट खाते, तिचं पोट आंबतं आणि भित्री कोरडीच राहते. तुमचं माप "मेंढीमागे २५० ग्रॅम" हे फक्त वहीत असतं. मोठ्या मेंढीला दीड फूट लांबीची जागा मिळाली तर ढकलाढकली बरीच कमी होते. काही मेंढ्या नवीन खाणं पहिल्यांदा तोंडातच घेत नाहीत. आठवडाभर जुन्या खाणाऱ्या मेंढ्यांसोबत ठेवल्या की शिकतात. कोकरं आईबरोबर गव्हाणीशी आली तर ती आयुष्यभर विसरत नाहीत. आणि गव्हाण रोज एकाच जागी ठेवू नका. जिथे खुराक तिथे मेंढरं तासन् तास उभी, तिथेच लेंड्या, तिथेच खत, तिथेच जंत, आणि कुरणाचा पलीकडचा कोपरा उपाशी. हलती गव्हाण चराई न झालेल्या बाजूला नेऊन ठेवली तर मेंढरं आपोआप त्या बाजूला चरत जातात. हाकायला माणूस लागत नाही.

आपल्या कळपात नेमकं काय चाललंय हे कळायला यंत्रं लागत नाहीत. संशोधक हल्ली मेंढीच्या मोरकीला (तोंडाभोवतीच्या दोरीला) हालचाल मोजणारी चकती लावतात, पण त्याआधी वर्षानुवर्षं ते पाठीवर रंगाने आकडे घालून, दुर्बीण घेऊन, दर दहा मिनिटांनी नोंद करत बसत. मान खाली, रवंथ, की नुसती उभी, एवढे तीनच रकाने. घड्याळ आणि शाळेची वही पुरते. एक दिवस खुराक नेहमीच्या वेळी द्या आणि नोंद ठेवा. मग आठवडाभर वेळ बदला आणि पुन्हा एक दिवस बसा. दुपारी चार ते सहा या रकान्यात मान खाली असलेल्या मेंढ्या किती, तेवढंच आधी मोजा. वीसपैकी सहा असतील, तर पोत्याचा ब्रँड बदलून काही होणार नाही.